इंटरमिटंट फास्टिंग आणि सोरायसिस

ठराविक तास वा दिवस उपाशी राहून उरलेल्या वेळात नेहमीसारखे जेवण्याच्या पद्धतीचा सोरायसिस या त्वचारोगावर व त्याच्याशी निगडित आतड्यांच्या स्थितीवर होणारा परिणाम. या उपवासाचे १६:८ (रोज आठ तासांतच जेवण), ५:२ (आठवड्यातून दोन दिवस अत्यल्प आहार) आणि दिवसाआड उपवास हे प्रकार रूढ आहेत. सोरायसिसमध्ये आयएल-२३ व आयएल-१७ (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन) या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांच्या अतिक्रियेमुळे त्वचेच्या पेशी महिन्याऐवजी काही दिवसांतच वर सरकतात आणि लाल, जाड, खपल्यांचे चट्टे उठतात.

अन्न तुटले की चट्टे ओसरतात, हे प्रथम कोणी पाहिले याविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या महायुद्धातील छावण्यांमधील उपासमारीच्या काळात सोरायसिस कमी झाल्याची निरीक्षणे १९४९च्या सुमारास प्रसिद्ध झाली व काही लेखक तेथूनच सुरुवात मानतात. मात्र ती सलग उपासमार होती. तिला उपचार म्हणणे कठीण. लिथेल व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सांधे व त्वचेचे जुनाट दाह असलेल्या २० रुग्णांना सुमारे दोन आठवडे उपवास व पुढे तीन आठवडे शुद्ध शाकाहार दिला. हेतुपूर्वक केलेला प्रयोग म्हणून हा आरंभ अधिक ग्राह्य वाटतो. जेवणाच्या तासांना महत्त्व आले ते बरेच नंतर, अमेरिकेतील साल्क संस्थेत उंदरांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामामुळे.

सोरायसिसवरील थेट पुरावा मुख्यतः रमजानच्या रोज्यांतून आला आहे. २०१९ मध्ये दमियानी व सहकाऱ्यांनी मध्यम ते तीव्र सोरायसिसच्या १०८ रुग्णांची पाहणी केली. तीव्रतेचा ‘पासी’ गुणांक सरासरी ०.८९ने उतरला. हा गुणांक ० ते ७२ असतो. त्यात धडाचा वाटा ०.३ धरतात आणि लाली, जाडी व खपल्या यांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. धडाचा दहा टक्क्यांहून कमी भाग व्यापलेल्या (व्याप्तीचा गुण १) चट्ट्यांत या तिन्ही गोष्टी एकेका पायरीने उतरल्या, तर घट ०.९ (३ × १ × ०.३) होते. म्हणजे सरासरी फरक खरा असला तरी लहान आहे. शिवाय रुग्णांची औषधे चालू होती आणि तुलनेसाठी उपवास न करणारा गट नव्हता.

सुधारणा वजन घटल्याने होते की उपवासाच्या वेळेमुळे, हा खरा वाद. २०१३च्या डॅनिश चाचणीत स्थूलतेकडे झुकलेल्या ६० रुग्णांपैकी कमी उष्मांकाचा आहार घेणाऱ्यांचे वजन १६ आठवड्यांत नेहमीचे जेवण घेणाऱ्या गटापेक्षा १५.४ किलोने अधिक उतरले; पासीतील फरक २ गुणांचा होता, पण तो संख्याशास्त्रीय कसोटीवर थोडक्यात अपुरा पडला. उलट, सोरायसिसजन्य संधिवाताच्या ३७ रुग्णांवरील रमजानच्या अभ्यासात (२०१९) वजन जवळजवळ तेवढेच राहूनही सांध्यांचे व त्वचेचे निर्देशांक सुधारले. उंदरांत जेवणाची वेळ बदलली की त्वचेचे दैनिक घड्याळही सरकते, हे २०१७ मध्ये दिसले आहे. तरीही नियंत्रण गट असलेल्या चाचण्यांचा भार लक्षात घेता वजनघटीचा वाटा मोठा मानणेच आज सुरक्षित आहे.

सोरायसिसच्या रुग्णांत क्रोन रोगाचे (आतड्यांचा जुनाट दाह) प्रमाण जास्त आढळते. त्यांच्या आतड्यांत अ‍ॅकरमॅन्सिया व फीकॅलिबॅक्टेरियम हे जीवाणू कमी असल्याचे काही अभ्यास सांगतात. सर्व अभ्यास जुळत नाहीत. पोट रिकामे असताना जठर व लहान आतड्यात दर ९० ते १२० मिनिटांनी आकुंचनाची एक लाट येते आणि अन्नाचे उरलेले कण व जीवाणू पुढे ढकलते. काही खाल्ले की ती थांबते. तुर्कस्तानात नऊ व्यक्तींनी २९ दिवस रोज सुमारे १७ तास उपवास केल्यावर त्यांच्या मलात अ‍ॅकरमॅन्सिया वाढलेला आढळला. हे रुग्ण नव्हते, त्यामुळे ‘उपवासाने आतडे सुधारते, म्हणून त्वचा सुधारते’ ही साखळी यातून सिद्ध होत नाही. त्वचा व आतड्याच्या अस्तराची पारगम्यता (त्यातून पदार्थ आरपार जाण्याचे प्रमाण) एकत्र मोजणारी ५:२ पद्धतीची लहान चाचणी बेल्जियममधील गेंट येथे आखली गेली. त्वचा व आतड्यासाठी एकच उपाय सहसा चालत नाही, याचेही उदाहरण आहे: आयएल-१७ रोखणारे सेक्युकिनुमॅब हे औषध सोरायसिसमध्ये प्रभावी असले, तरी २०१२च्या चाचणीत क्रोन रोगावर निष्फळ ठरले.

अमेरिकेतील नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या २०१८च्या आहार शिफारशींत जादा वजनाच्या रुग्णांसाठी कमी उष्मांकाच्या आहारावर भर आहे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्या मधुमेहींत उपवासाने रक्तशर्करा धोकादायक उतरू शकते. गरोदरपणात, वाढीच्या वयात आणि आहारविकृतीचा इतिहास असल्यास ही पद्धत वापरत नाहीत. सोरायसिसची चालू औषधे उपवासासाठी बंद केल्यास चट्टे पुन्हा उफाळू शकतात.