इफेक्ट प्रोजेक्टर (नाट्यप्रयोगाच्या चित्रीकरणात)

रंगमंचावर ढग, पाऊस, ज्वाळा, लाटा किंवा पानांची हलती सावली यांचा आभास प्रकाशाने उभा करणारे उपकरण. जुन्या धाटणीच्या यंत्रात 1000 ते 2000 वॅटचा हॅलोजन दिवा, प्रकाश एकवटणारे भिंग, मोटरवर संथ फिरणारी चित्रित काचेची तबकडी आणि पुढे प्रतिमा स्पष्ट करणारे भिंग, एवढाच कारभार असतो. स्थिर आकृतीसाठी प्रोफाइल स्पॉटमध्ये, म्हणजे भिंगाने कडा स्पष्ट करणाऱ्या दिव्यात, कोरलेला पत्रा, म्हणजे गोबो, घालतात. प्रतिमा उलटी पडत असल्याने तो उलटाच बसवावा लागतो. आता एलईडी मूव्हिंग हेड, म्हणजे दुरून फिरवता येणारे दिवे, आणि व्हिडिओ प्रोजेक्टर हीच कामे करतात. यांचा पूर्वज मॅजिक लँटर्न. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने महाराष्ट्रात लोकप्रिय केला.

सांगलीत 1843 मध्ये तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तेव्हा सगळी भिस्त तेलाच्या उजेडावर होती. राक्षसाची एन्ट्री आरडाओरड्याने आणि राळेच्या भडक्याने व्हायची. आज भाव्यांच्याच नावाच्या नाट्यमंदिरात हौशी संस्थेचा प्रयोग असला, तरी प्रेक्षागृहात मागे एखादा ट्रायपॉड उभा दिसतो. प्रयोग यूट्यूबवर टाकायचा असतो, कुणाला नमुना पाठवायचा असतो, नाहीतर संस्थेच्या संग्रही ठेवायचा असतो. अडचण इथेच सुरू होते. इफेक्ट बसवलेला असतो अंधाराला सरावलेल्या डोळ्यासाठी आणि टिपायचा असतो कॅमेऱ्याला.

डोळा कलाकाराचा उजळ चेहरा आणि मागच्या पडद्यावरचा मंद ढग एकाच वेळी पाहू शकतो. कॅमेऱ्याची झेप त्या मानाने तोकडी. चेहऱ्याला एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायच्या उजेडाचे माप, धरले की ढग काळोखात जातो. ढगाला धरले की चेहरा पांढराफटक. ऑटो एक्स्पोजरवर सोडलेला कॅमेरा या दोहोंत हेलकावे खातो आणि ब्लॅकआउट झाला की दाणेदार करडा अंधार टिपतो. म्हणून चित्रीकरणाच्या दिवशी एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते) हाताने बांधून ठेवावेत हे पहिले. दुसरे, इफेक्ट वाढवण्याआधी समोरचा उजेड कमी करून पाहावा. प्रोजेक्टर दुप्पट लांब नेला तर चित्र रुंदीला आणि उंचीला दुप्पट होते, पण पडद्यावरचा उजेड चौथ्या हिश्शावर येतो. त्यामुळे इफेक्ट फिका पडला की नवे यंत्र भाड्याने आणण्यापूर्वी अंतर तपासलेले बरे.

खरी मेहनत सायक्लोरामापाशी, म्हणजे रंगमंचामागच्या मोठ्या सपाट पडद्यापाशी, असते. समजा, नाटकात कृष्णेचा पूर आहे. मागे सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कमानींचा गोबो, त्यावर पाण्याची तबकडी. कलाकार पडद्याला चिकटून उभे राहिले, की त्यांच्यावरचा उजेड मागे सांडतो आणि पाणी धुवून निघते. त्यांना सहा-आठ फूट पुढे घ्यावे आणि त्यांचे स्पॉट वरून, चढ्या कोनात लावावेत. मग सावली पडद्याऐवजी जमिनीवर पडते. प्रोजेक्टर समोरून मारला तर लाटा पडद्याआधी नटाच्या अंगावर चढतात. प्रेक्षागृहातून ते फारसे खटकत नाही, पण क्लोजअपमध्ये पांढऱ्या धोतरावर आणि गालावर पाणी सरपटताना दिसते आणि गंभीर प्रसंग हास्यास्पद होतो. पडद्यामागून प्रक्षेपण करणे हा त्यावरचा उत्तम उपाय, मात्र त्यासाठी मागे खोली लागते. ती नसेल तर बाजूच्या विंगेतून तिरपे मारावे आणि वाकडे झालेले चित्र सरळ करून घ्यावे.

रंगाचे गणित वेगळे. हॅलोजनचा प्रकाश सुमारे 3200 केल्विन (प्रकाशाच्या रंगाचे माप), म्हणजे पिवळट. व्हिडिओ प्रोजेक्टरचा त्याहून पुष्कळ निळा. कॅमेरा 3200वर बांधला तर प्रोजेक्टरचे आभाळ निळे येते. रात्रीच्या प्रसंगाला ते शोभते, भर दुपारच्या प्रसंगाला नाही. तेव्हा प्रोजेक्टरपुढे नारिंगी जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, धरावे. गडद निळ्या एलईडीत चेहऱ्याचे बारकावे बुजून नुसता निळा डाग उरतो.

लुकलुकीकडे बहुतेकांचे लक्ष उशिरा जाते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. जाड तारेच्या हॅलोजनमध्ये हे जाणवत नाही, स्वस्त एलईडीत जाणवते. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर (एका फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) 1/50 सेकंद ठेवले की बहुतेक वेळा निभावते. मोबाइल 30 फ्रेम आणि 1/60वर असला तर चित्रावर पट्टे सरकू लागतात. एलईडी डिमरवर मंद केला की काही वेळा शटर जुळवूनही लुकलुक राहते, तेव्हा दिवा पूर्ण ठेवून राखाडी जिलेटिनने उजेड कमी करावा. एका चिपच्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक पडतात, म्हणून वेगवान शटरला त्याच्या चित्रात रंगीत पट्टे दिसतात. तीन पॅनेलच्या एलसीडीत हा दोष नाही. विजेचा लखलखाट दाखवणाऱ्या स्ट्रोबचा, म्हणजे क्षणभर चमकणाऱ्या दिव्याचा, तर अर्धाच फ्रेम उजळतो, कारण बहुतेक कॅमेरे चित्र एका ओळीमागून दुसरी ओळ वाचतात.

कोलकात्यात प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी 1959 मध्ये ‘सेतू’ या नाटकात दिवे आणि ध्वनी यांच्या जोरावर रंगमंचावरून आगगाडी नेली. तसा परिणाम अंधार, अंतर आणि प्रेक्षकाची बैठक यांवर उभा असतो. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये त्याचे दोर दिसतात. त्यामुळे मोठा इफेक्ट रुंद शॉटमध्येच ठेवावा आणि क्लोजअप त्याच्या आधी किंवा नंतर घ्यावेत. दोन कॅमेरे असतील तर तबकडीच्या हालचालीचा वेग प्रयोगभर एकच राहू द्यावा, नाहीतर संकलनात ढग मागे उड्या मारतात.

बर्फ आणि बारीक पाऊस यांचा मात्र पडद्यावर कितीही सुंदर आविष्कार झाला तरी इंटरनेटवर चढवताना चौकोनी ठिपके पडतात. प्रत्येक फ्रेममध्ये सगळेच बदलत असल्याने दाबून लहान केलेल्या फाइलला ते पेलत नाही. थेंब मोठे, विरळ आणि संथ ठेवले तर बरेच काही वाचते.