फोन वाजलेला नसतो, तरी हात खिशात का जातो?

नागपुरात सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर संध्याकाळी उभं राहून बघा. गाडी यायला तीन मिनिटं आहेत असं फलकावर दिसलं की माणसांचे हात खिशात जातात. फोन वाजलेला नसतो, कुणाला काही शोधायचंही नसतं. लॉक उघडलं, दोन-तीन ॲप चाळली, फोन परत खिशात. काय पाहिलं म्हणून विचारलं तर धड सांगता येत नाही.

यामागचं कारण मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून बरंचसं उलगडलं. माकडाला फळाचा रस मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी चेतायच्या. पण रसाआधी दिवा लागतो हे माकडाच्या लक्षात आलं, तशा त्या दिव्यालाच चेतायला लागल्या. ठरलेला रस ठरल्या वेळी मिळाला, तर त्यांना त्याचं काही विशेष वाटेना. ध्यानीमनी नसताना मिळाला, तर मात्र पुन्हा खळबळ. फोनमध्ये पुढे काय निघेल याचा कधीच नेम नसतो, त्यामुळे ही खळबळ शमतच नाही. भरीला न संपणारं स्क्रोल. ते २००६ मध्ये तयार करणाऱ्या अझा रास्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली, पण तोवर ते घरोघरी पोचलं होतं.

म्हणूनच ‘उद्यापासून फोन कमी’ हा संकल्प टिकत नाही. संकल्प आपण विचारपूर्वक करतो. हात मात्र आपल्याला न विचारताच निघतो. संमोहन उपचाराला काम आहे ते नेमकं इथे.

या उपचारात माणूस झोपत नाही की बेशुद्ध होत नाही. नजर एका बिंदूवर, श्वास संथ, मग एकेक स्नायू सैल. लक्ष एकवटलं की थेरपिस्ट एखादा नेहमीचा प्रसंग उभा करतो. रात्रीचे अकरा वाजलेत, कूलर घरघरतोय, फोन उशाशी आहे. हात उचलला जातोय... आता तो पोटावर ठेवा, एक लांब श्वास सोडा, कूस बदला. हाच प्रसंग पुन्हा, आणि पुन्हा. म्हणजे तालीमच, फक्त नेहमीच्या टीकाटिप्पणीचा आवाज बंद ठेवून केलेली. ‘फोन बघायचा नाही’ अशी सूचना चांगला थेरपिस्ट शक्यतो देत नाही, कारण ती ऐकताच डोळ्यांपुढे फोनच येतो. हाताला दुसरं काय करायचं ते सांगावं लागतं. घरी रोज दहा मिनिटं स्वसंमोहन करायचं ते यासाठीच. हा प्रकार नागपूरला नवा नाही. श्याम मानव अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाबरोबरच स्वसंमोहनाच्या कार्यशाळाही घेत आले आहेत.

आता पुरावा. वेदना आणि आतड्यांच्या काही तक्रारींत संमोहनाचा उपयोग चांगला दिसून आला आहे. धूम्रपान सोडवण्याबाबत वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्याला ठोस आधार सापडला नाही. फोनबाबत तर मोठे, नीट केलेले अभ्यास फारसे नाहीतच. शिवाय संमोहनाचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. साधारण दहातला एखादाच त्यात खोल जातो, आणि तेवढ्याच थोड्यांना जवळपास काहीच होत नाही. त्यामुळे ‘एका बैठकीत फोन सुटेल’ अशी जाहिरात दिसली, तर पैसे खिशातच राहू द्या. सवय सोडवण्याच्या नेहमीच्या समुपदेशनाला जोड म्हणून संमोहन घ्यावं, एवढंच माझं मत.

फोन आधी झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावून बघा. पुष्कळांचं काम तेवढ्यानेच भागतं. झोप, अभ्यास, नोकरी यांचा बोजवाराच उडाला असेल किंवा मन सतत उदास असेल, तर संमोहनाच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ओपीडी आहे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. फिट येणाऱ्यांनी, भास होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय संमोहनाच्या वाटेला जाऊ नये.