ट्वीट टाकलं म्हणजे कळवलं नव्हे

ट्वीट आणि एसएमएस यांत फरक काय? एसएमएस सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा त्यावर फार शब्द खर्चत नाही. २००६ साली ट्विटर (आताचं एक्स) आलं ते त्याच्याच मापाने बेतलेलं. एसएमएसच्या १६० कॅरेक्टरमधली २० वापरकर्त्याच्या नावाला राखली, उरली १४०. २०१७ मध्ये त्याची २८० झाली. देवनागरी एसएमएस तर ७० वरच भरतो. लांबीचा फरक एवढाच, आणि तो किरकोळ आहे.

घोळ होतो तो पुढे. उद्या पाणी येणार नसतं, परीक्षेची वेळ बदललेली असते, आणि लोक कार्यालयात विचारायला गेले की उत्तर मिळतं, "आम्ही ट्वीट केलं होतं ना!" या उत्तराची मला मनापासून चीड येते. ट्वीट म्हणजे एका दमात हजारोंना गेलेला एसएमएस, असं धरून चालणारी माणसं जबाबदारीच्या जागी बसलेली आहेत.

एसएमएस ठरावीक नंबरवर जातो. फोन बंद असेल तर तो मोबाइल कंपनीच्या मेसेज सेंटरमध्ये थांबतो आणि मुदतीच्या आत फोन सुरू झाला की पोचतो. ट्वीट मात्र चावडीवर डकवलेली नोटीस आहे. ज्याचं खातं नाही त्याच्यापर्यंत ती जात नाही. ज्याचं आहे त्याला कधी दिसेल, दिसेल की नाही, हे अल्गोरिदम, म्हणजे ट्विटरचा प्रोग्रॅम, ठरवतो. सकाळची सूचना रात्री दिसली तर तिचा काय उपयोग? शिवाय चावडी दुसऱ्याच्या मालकीची. जुलै २०२३ च्या सुरुवातीला व्हेरिफाइड नसलेल्या खात्यांना दिवसाला ६०० च पोस्ट वाचता येतील, अशी मर्यादा कंपनीने घातली होती. ती पुढे वाढवली. त्याआधी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एमटीए या सार्वजनिक वाहतूक संस्थेने गाड्यांच्या सूचना ट्विटरवर देणं थांबवलं, कारण त्या वेळेवर पोचतील याची खात्री उरली नव्हती. सार्वजनिक सेवांना एपीआय (आपोआप ट्वीट टाकण्यासाठी लागणारी जोडणी) पुन्हा मोफत मिळाल्यावरच ती परतली. मधल्या काळात प्रवाशांना एमटीएची स्वतःची अ‍ॅप, ईमेल आणि एसएमएस होते, म्हणून निभावलं.

चारचौघांत तक्रार मांडायला ट्वीट चांगलं, हे मान्य. रेल्वेच्या डब्यातली अडचण तिथे मांडली की पुष्कळदा दखल घेतली जाते. पण ती लोकांनी कार्यालयाला सांगायची वाट झाली. कार्यालयाने लोकांना सांगायचं असेल तर एसएमएस पाठवावा, आणि पूर किंवा वादळाचा इशारा असेल तर सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये आपल्याकडे त्याची चाचणी झाली तेव्हा अनेकांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते. त्याला नंबर लागत नाही, खातं लागत नाही. त्या टॉवरच्या हद्दीतल्या, ही सोय असलेल्या फोनवर इशारा थेट येतो. ट्वीट त्यानंतर खुशाल टाकावं.