चिनी ओळख: वंश, कूळ आणि पासपोर्ट

एखादा माणूस चिनी आहे हे नेमकं कशावरून ठरतं, याचं सरळ उत्तर नाहीये. तीन गोष्टी त्यात गुंतल्यात: वंश (हान, मांचू, तिबेटी वगैरे), कूळ (बापजादे कुठल्या गावचे) आणि नागरिकत्व (पासपोर्ट कुणाचा). आणि एकाच माणसात या तिन्ही जुळतीलच असं अजिबात नाही. ल्हासातला तिबेटी माणूस चीनचा नागरिक आहे पण हान नाही, सिंगापूरचा हान टॅक्सीवाला चीनचा नागरिक नाही, आणि तैवानच्या राजधानीतली, म्हणजे तैपेईतली कॉलेजची पोरगी घरी मँडरिन (चीनची प्रमाण भाषा) बोलते, चांद्र नववर्ष साजरं करते आणि तरी स्वतःला तैवानी म्हणवते. यातलं कोण चिनी आणि कोण नाही हे त्या त्या माणसाला फारसं कुणी विचारत नाही, ते सरकारं ठरवतात, आणि गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास बघितला तर आपापल्या सोयीनं ठरवतात.

चिनी भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. चीन देशाचा माणूस म्हणजे 'झोंगगुओरेन', चिनी वंशाचा पण कुठलाही नागरिक असलेला तो 'हुआरेन', परदेशात राहणारा चिनी नागरिक 'हुआछियाओ', आणि परदेशात जन्मलेला वंशज 'हुआयी'. दक्षिणेकडून बाहेर गेलेले लोक तर स्वतःला 'तांगरेन' म्हणजे तांग राजवटीची माणसं म्हणायचे, म्हणून चायनाटाउनला आजही 'तांगरेन-जिए', तांग लोकांची गल्ली म्हणतात. हान हे नावसुद्धा राजवटीवरूनच आलंय (इ.स.पू. 206 ते इ.स. 220).

हान आणि बाकीचे पंचावन्न

1644 पासून चीनवर राज्य होतं मांचूंचं, म्हणजे हान लोकांच्या मते उत्तरेकडून आलेल्या परक्यांचं, आणि हान पुरुषांना पुढचं डोकं भादरून मागे वेणी ठेवायची सक्ती होती. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे क्रांतिकारक उघड सांगायचे की मांचू चिनी नाहीतच, त्यांना हाकला. पण 1912 मध्ये राजवट खरंच पडली तेव्हा लक्षात आलं की मांचू परके ठरले तर तिबेट, मंगोलिया, शिनजियांग हे सगळे मांचूंनीच साम्राज्याला जोडलेले प्रदेश पण हातचे जाणार. मग लगेच सूर बदलला. हान, मांचू, मंगोल, हुई (तेव्हा याचा अर्थ सरसकट मुसलमान) आणि तिबेटी अशा पाच जमातींचं एक प्रजासत्ताक जाहीर झालं, त्यासाठी पाच रंगी पट्ट्यांचा झेंडा आला, आणि विचारवंत लियांग छिचाओनं दहाएक वर्षं आधी वापरात आणलेली 'झोंगहुआ मिन्झू' म्हणजे एकच चिनी राष्ट्र ही कल्पना कामाला आली. आज बीजिंगचं सरकार जे सांगतं त्याचं मूळ इथे आहे.

कम्युनिस्ट सत्तेत आले तेव्हा त्यांनी हे काम सोव्हिएत पद्धतीनं करायचं ठरवलं. 1953 च्या जनगणनेत लोकांना आपली जमात काय ते स्वतः सांगा म्हटलं तर 400 च्या वर नावं आली, त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या युन्नान प्रांतातून. एवढ्या सगळ्यांना प्रतिनिधित्व कुठून देणार, म्हणून 1954 मध्ये भाषातज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञांच्या तुकड्या पाठवल्या आणि त्यांनी गटांचे गट एकत्र करून यादी आटोक्यात आणली. निकष स्टालिनचे होते, समान भाषा, समान प्रदेश, समान अर्थव्यवस्था आणि समान मानसिकता. ते लावले तर हुई मुसलमान कशातच बसत नाहीत कारण ते देशभर पसरलेत आणि शेजारच्या हान लोकांचीच चिनी बोलतात, तरी त्यांना वेगळी जमात मानलं. 1979 मध्ये जिनो या छोट्या जमातीला मान्यता मिळाली आणि आकडा 56 वर थांबला तो आजपर्यंत. 2020 च्या जनगणनेत हान 91 टक्क्यांच्या थोडं वर होते, उरलेल्यांत सगळ्यात मोठे दक्षिणेकडचे च्वांग. काही लाख लोक अजूनही 'न ठरवलेली जमात' या रकान्यात आहेत, उदाहरणार्थ ग्वेईझोउ प्रांतातले चुआनछिंग, जे म्हणतात आम्ही वेगळे आणि सरकार म्हणतं तुम्ही हान.

जमात चीनच्या ओळखपत्रावर छापलेली असते. आईबाप वेगळ्या जमातींचे असले तर मुलाला दोघांपैकी एक निवडता येते, आणि वयाच्या 18 ते 20 मध्ये एकदा बदलायची संधी मिळते. अल्पसंख्याकांना कॉलेज प्रवेशपरीक्षेत जादा मार्क, एक-मूल धोरणात सूट अशा सवलती होत्या, शिवाय माओच्या सांस्कृतिक क्रांतीनंतर (1966 ते 76 ची राजकीय धरपकड आणि छळ) भीतीही कमी झाली होती, आणि या सगळ्याचा परिणाम असा की 1982 मध्ये 43 लाख असलेले मांचू 1990 मध्ये 98 लाख झाले. एवढी पोरं आठ वर्षांत होत नाहीत. पणजोबा मांचू होता म्हणून लोकांनी नोंद बदलून घेतली. आता वारं उलट्या दिशेनं आहे. शी जिनपिंगच्या काळात जमातींच्या वेगळेपणापेक्षा एकच 'झोंगहुआ' जाणीव यावर भर आहे, मार्कांच्या सवलती कमी होतायत, 2020 मध्ये इनर मंगोलियात शाळेतले काही विषय मंगोलियनऐवजी मँडरिनमधून शिकवायचं ठरलं तेव्हा पालक रस्त्यावर उतरले, आणि शिनजियांगमध्ये तर 2017 पासून तिथल्या उइगर मुसलमानांना मोठ्या संख्येनं छावण्यांत डांबलं गेलं. कागदावर समान चिनी, पण दाढी ठेवली की संशयित.

हान सुद्धा एकसंध नाहीत. कँटनीज, हॉक्कियन, हाक्का या बोली सरकार म्हणतं म्हणून, नाहीतर बीजिंगच्या माणसाला हॉक्कियनचं एक वाक्य कळत नाही. त्यांना बांधून ठेवते ती लिपी.

कूळ आणि मूळ गाव

हान समाजात माणूस कुठला हे तो कुठे जन्मला यावरून ठरत नाही, वडिलांकडच्या आजोबांचं गाव कुठलं यावरून ठरतं. त्याला 'जिगुआन' म्हणतात आणि सरकारी फॉर्ममध्ये त्याचा वेगळा रकाना असतो. आपल्याकडे मुंबईत चार पिढ्या काढलेला माणूस पण मूळ गाव विचारलं की कणकवली सांगतो, तसलाच प्रकार. घराण्याची वंशावळ 'जियापू' मध्ये लिहितात, आणि यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे कन्फ्यूशियसच्या कुं‍ग घराण्याची, जिच्या 2009 च्या आवृत्तीत 20 लाखांहून जास्त नावं आहेत आणि पहिल्यांदाच बायकांची नावं आणि परदेशातले वंशज पण घेतलेत (अडीच हजार वर्षांनी का होईना).

परदेशी गेलेले बहुतेक लोक ग्वांगडोंग आणि फूजियान या दोनच प्रांतांतल्या मोजक्या तालुक्यांतले. ते पैसे गावी पाठवायचे, त्यातून शाळा, मंदिरं आणि कायपिंगचे ते प्रसिद्ध किल्ल्यासारखे उंच मनोरे बांधले गेले, जे 2007 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. त्यांची निष्ठा गावाशी आणि आडनावाशी होती, 'चीन' नावाच्या राष्ट्राशी नातं नंतर शिकवलं गेलं.

पासपोर्टचा मामला

पहिला नागरिकत्व कायदा मांचू सरकारनं 1909 मध्ये केला, तोही घाईत, कारण डच सरकार आपल्या वसाहतीत, जावा-सुमात्रात (आजचा इंडोनेशिया), जन्मलेल्या चिन्यांना आपली प्रजा ठरवायच्या तयारीत होतं. उत्तर म्हणून चीननं जाहीर केलं की बाप चिनी तर पोर चिनी, जन्म कुठेही होवो. रक्तावरून नागरिकत्व. ऐकायला छान, पण पुढे आग्नेय आशियातल्या लाखो लोकांच्या डोक्यावर यामुळे दुहेरी निष्ठेचा संशय बसला. 1955 मध्ये आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेच्या वेळी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी इंडोनेशियाशी करार केला की दोन्हींपैकी एकच नागरिकत्व निवडा, आणि 1980 च्या कायद्यात तेच पक्कं झालं: दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, परदेशात स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व आपणहून घेतलं की चिनी नागरिकत्व आपोआप गेलं.

कायदा स्पष्ट आहे, वागणूक नाही. 1997 मध्ये ब्रिटिशांकडून परत मिळणाऱ्या हाँगकाँगसाठी 1996 मध्ये खास खुलासा काढला की चिनी वंशाचे आणि चीनच्या भूमीवर (हाँगकाँग धरून) जन्मलेले रहिवासी चिनी नागरिक, हातात ब्रिटिश पासपोर्ट असला तरी. म्हणजे तिथल्या सिंधी किंवा शीख कुटुंबातला माणूस, जो कँटनीज फाडफाड बोलतो, तो आपोआप चिनी नाही, आणि वँकुव्हरला राहून परत आलेला चॅन मात्र आहे. 2015 च्या डिसेंबरअखेर हाँगकाँगहून बेपत्ता झालेल्या, ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या पुस्तक-व्यापारी ली बो बद्दल विचारलं तर परराष्ट्रमंत्री वांग यी म्हणाले की तो सर्वात आधी चिनी नागरिक आहे.

उलट दिशेनं चीनचा नागरिक होणं जवळपास अशक्य. 2010 च्या जनगणनेत असे लोक देशभरात फक्त 1,448 मोजले गेले, 134 कोटींत! फुटबॉलचा वर्ल्डकप गाठायचा म्हणून 2019 मध्ये एल्केसन या ब्राझिलियन खेळाडूला नागरिकत्व देऊन 'आय केसेन' केला, ज्याच्या घराण्यात चिनी रक्ताचा थेंब नाही. वर्ल्डकप काही गाठला नाही.

तैवानचा प्रश्न आणखी वेगळा. 1949 मध्ये यादवीत कम्युनिस्टांकडून हरलेलं राष्ट्रवादी सरकार तिथे गेलं आणि अनेक दशकं शाळांतून शिकवत राहिलं की खरा चीन आम्हीच. तिथल्या एका विद्यापीठाचा सर्व्हे 1992 पासून दरवर्षी चालतो: तेव्हा स्वतःला फक्त चिनी म्हणणारे साधारण 25 टक्के होते आणि फक्त तैवानी म्हणणारे 18 च्या आत, आता तैवानी म्हणणारे 60 च्या वर आणि फक्त चिनी म्हणणारे तीनच्या आसपास. वंश तोच, भाषा तीच, बदललं ते राज्य आणि मतदानाचा हक्क.

बाहेरचे देश काय करतात

सिंगापूरमध्ये ओळखपत्रावर वंश लिहिलेला असतो आणि तीन-चतुर्थांश लोकांच्या पुढे चिनी असं असतं, पण 1979 पासून सरकारनं हॉक्कियन, तिओच्यू सोडून मँडरिन बोला अशी मोहीम चालवली, त्यामुळे नातवंडांचं आजीशी बोलणं अवघड झालं. इंडोनेशियात हुकूमशहा सुहार्तोच्या काळात चिनी नावं बदलायचा दबाव होता, सण चारचौघांत करायला बंदी होती. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाला पहिली दोन सुवर्णपदकं मिळाली ती बॅडमिंटनमध्ये, सुसी सुसांती आणि अॅलन बुदिकुसुमा यांची, दोघंही चिनी वंशाचे, आणि सहाच वर्षांनी मे 1998 मध्ये जकार्तात चिन्यांची दुकानं जळत होती. बंदी उठली 2000 मध्ये. थायलंडमध्ये मात्र लोक थाई आडनावं घेऊन इतके मिसळलेत की कितीतरी पंतप्रधान चिनी कुळाचे झाले आणि त्याचं कुणाला फार वाटत नाही.

अमेरिकेनं 1882 मध्ये चिनी मजुरांना बंदी घातली, पण 1898 मध्ये वाँग किम आर्कच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की तिथे जन्मलेला चिनी माणूस अमेरिकन नागरिकच. मग 1906 च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोचं जन्मनोंदणीचं दप्तर जळालं आणि अनेकांनी आम्ही इथेच जन्मलो असं सांगून कागद मिळवले, वर चीनमधली परकी पोरं आपली 'मुलं' म्हणून कागदोपत्री आणली. गंमत म्हणजे आधुनिक चीनचे राष्ट्रपिता सुन यत-सेन यांनी पण 1904 मध्ये हवाईत जन्मल्याचा दाखला काढला होता, जन्म ग्वांगडोंगचा असून, कारण त्याशिवाय अमेरिकेत शिरता येईना. आणि हा संशय जुना झाला असं समजू नका, 2024 च्या जानेवारीत टिकटॉकचे प्रमुख शौ च्यू यांना एका सिनेटरनं पुन्हा पुन्हा विचारलं की तुम्ही चीनचे नागरिक आहात का, चिनी कम्युनिस्ट पक्षात होतात का, आणि ते पुन्हा पुन्हा सांगत होते मी सिंगापूरचा.

भारतात

महाबळेश्वरचा चायनामन फॉल्स आठवत असेल. एकोणिसाव्या शतकात मलाया-सिंगापूरकडून आणलेले चिनी कैदी तिथल्या तुरुंगात होते, ते भाजीपाला पिकवायचे, नाव त्यांच्यावरून पडलं. मुंबईत शुक्लाजी स्ट्रीट आणि माझगावला गोदीच्या आसऱ्यानं चिनी वस्ती होती, माझगावचं 'सी यूप कून' मंदिर 1919 चं, आणि सी यूप म्हणजे ग्वांगडोंगचे चार तालुके, तेच ते मूळ गाव. मोठी वस्ती कलकत्त्याला: हाक्का लोक टांग्र्यात कातडी कमवायचे, कँटनीज सुतारकाम करायचे, हूपेई प्रांताचे लोक दातांचे डॉक्टर.

1962 चं युद्ध झालं आणि आसाम, दार्जिलिंग वगैरे भागांतले सुमारे 3,000 चिनी वंशाचे लोक राजस्थानात देवळीच्या छावणीत नेले. त्यात भारतात जन्मलेले होते, फक्त आसामी नाहीतर हिंदी बोलणारी पोरं होती, काहींच्या आया भारतीय होत्या. कूळ पुरेसं ठरलं. कित्येकांना चीनला पाठवलं, तिथे सांस्कृतिक क्रांतीच्या वेळी तेच लोक भारताकडून आलेले म्हणून संशयित झाले. आणि चेहऱ्यावरून ठरवायची आपली सवय गेलेली नाही, पुण्यात शिकायला आलेल्या मणिपूर-नागालँडच्या पोरांना कोविडच्या वेळी काय काय ऐकावं लागलं ते तेच सांगतील.

कलकत्त्याचे बरेच हाक्का नंतर टोरंटोला गेले. तिथे त्यांनी मंचुरियन आणि चिली चिकनची हॉटेलं टाकली, पाट्यांवर 'हाक्का' लिहिलेलं असतं, आणि गिऱ्हाईक बरंचसं देशी, कारण चीनमधून थेट आलेल्या माणसाला हे जेवण चिनी वाटतच नाही.