पावसाळ्यात होडीचं इंजिन घरी ठेवणाऱ्यांसाठी

1 जूनला मासेमारी बंदी लागली की होड्या वर येतात आणि आऊटबोर्ड इंजिनं घरी जातात. जुलैअखेर त्यातली बरीच आमच्याकडे दुरुस्तीला येतात आणि बिघाड बहुधा एकच असतो: 'चालतंय का बघू' म्हणून पाण्याशिवाय दोरी ओढून सुरू केलेलं.

अर्धा मिनिटही सुकं चालवू नका. इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) पाण्याच्या ओलाव्यावरच फिरतो. पाणी नसलं की तो घासून जळतो, पाती तुटतात आणि तुकडे सिलिंडरभोवतीच्या वाटांत अडकतात. मग नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. इम्पेलर बदलणं सोपं. तुकडे काढायला हेड खोलावं लागतं आणि मीठ धरलेले बोल्ट तुटले की काम दिवसावर जातं.

म्हणून 200 लिटरचा ड्रम आणि गोडं पाणी घ्या, उघड्यावरच. पंखा काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. पंख्यावरची आडवी पट्टी वीतभर बुडाली पाहिजे. 10-15 मिनिटं मंद चालवा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडणारी पाण्याची झडप, उघडल्याशिवाय आतलं मीठ धुतलं जात नाही. मागून पाण्याची धार पडत नसेल तर लगेच बंद करा. शेवटी पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, नाहीतर कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून जेट बुजतात.

टू-स्ट्रोक असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घाला, दोरी चार-पाच वेळा हळू ओढा. गिअर ऑइल आत्ताच काढून बघा. दुधाळ निघालं तर सील गेलंय, नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. नवीन भरताना खालच्या भोकातून, वरून बाहेर येईपर्यंत. इंजिन उभंच ठेवा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो.

टू-स्ट्रोकची पिस्टन-रिंग घरीच बदलणाऱ्यांनी पुस्तिकेत वेगळं दिलं नसेल तर पहिले 10 तास पेट्रोलच्या लिटरला 40 मिली टू-स्ट्रोक ऑइल घालावं, आणि फुल थ्रॉटल टाळावा.

खालचा भाग खोलला की इम्पेलर आम्ही नवाच घालतो. काहींना तो वाढीव खर्च वाटतो. जुना तुम्हाला परत देतो, पाती बघा: एकीकडे वाकून तशाच राहिल्या असतील तर मंद गतीवर त्या पाणी नीट ओढत नाहीत.

जूनमध्ये आणलेलं इंजिन आम्हाला निवांत खोलता येतं. येताना टाकी आणि नळीही आणा; अनेकदा दोष तिथेच निघतो आणि इंजिन खोलायचा खर्च वाचतो.