वाल्सार्टनमधलं एनडीएमए इतकी वर्षं का दिसलं नाही?

जून 2018 मध्ये चीनच्या झेजियांग हुआहाई कंपनीकडे एका ग्राहकाची तक्रार आली. वाल्सार्टन या बीपीच्या औषधाच्या कच्च्या मालात उरलेली द्रावकं तपासताना गॅस क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातले घटक वायुरूपात वेगळे करणाऱ्या चाचणीच्या) आलेखावर एक अनोळखी शिखर दिसत होतं. ते निघालं एन-नायट्रोसोडायमिथिलअमाइन, म्हणजेच एनडीएमए. 5 जुलैला युरोपीय औषध नियामकाने चौकशी जाहीर केली आणि त्याच महिन्यात अमेरिकेतही बीपीच्या गोळ्या परत मागवायला सुरुवात झाली.

पदार्थ काही नवा नव्हता. मॅगी आणि बार्न्स या ब्रिटिश संशोधकांनी 1956 मध्येच दाखवून दिलं होतं, की तो खाद्यातून दिल्यास उंदरांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी होतात. सत्तरच्या दशकात तो बेकन आणि बिअरमध्येही सापडला. बीपीच्या गोळीत मात्र तो शोधावा, असं कुणाला सुचलं नव्हतं.

तो आला कुठून? वाल्सार्टनच्या रेणूत टेट्राझोल नावाचं अणूंचं वलय असतं. 2011-12 च्या सुमारास हुआहाईने ते तयार करायची पद्धत बदलली. उत्पादन जास्त निघावं आणि खर्च कमी व्हावा, हा हेतू. नव्या पद्धतीत डीएमएफ या द्रावकात सोडियम अझाइड वापरत. शिल्लक राहिलेलं अझाइड विषारी आणि स्फोटक, म्हणून ते सोडियम नायट्राइट घालून नष्ट करायचं. पण डीएमएफ थोडंसं विघटित होऊन डायमिथिलअमाइन सुटतं आणि नायट्राइटशी गाठ पडली की एनडीएमए तयार. कागदावर ही अभिक्रिया रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही मांडता येईल. म्हणूनच ती नजरेतून सुटली याचं जास्त आश्चर्य वाटतं.

नेहमीच्या चाचणीत ते दिसणं कठीणच होतं. तिथे 0.05 टक्क्यापेक्षा कमी अशुद्धीची सहसा नोंदच करावी लागत नाही. 0.05 टक्के म्हणजे दहा लाखांत 500 भाग. एनडीएमएसाठी पुढे ठरलेली मर्यादा आहे दिवसाला 96 नॅनोग्रॅम. 320 मिलिग्रॅमच्या डोसात ती दहा लाखांत 0.3 भाग इतकीच भरते. परत मागवलेल्या काही गोळ्यांत ते जवळपास 20 मायक्रोग्रॅम होतं, तरी नेहमीच्या चाळणीतून सहज निसटलं असतं. त्यामुळे मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) जोडलेल्या क्रोमॅटोग्राफीच्या नव्या पद्धती घाईघाईने बसवाव्या लागल्या.

मग यादी वाढत गेली. हैदराबादच्या हेटेरोच्या वाल्सार्टनमध्ये एनडीएमए, वाल्सार्टनच्या कुळातल्या इतर काही औषधांत, म्हणजे सार्टनमध्ये, एनडीईए, लोसार्टनमध्ये एनएमबीए. ही दोन्ही एनडीएमएच्याच जातीची रसायनं. काही ठिकाणी दोष पुन्हा वापरलेल्या द्रावकांचा निघाला. धोका किती, याचा अमेरिकी एफडीएचा अंदाज असा: 8,000 जणांनी दूषित वाल्सार्टनचा सर्वांत मोठा डोस चार वर्षं रोज घेतला, तर कर्करोगाचा एक जादा रुग्ण. आपल्याकडे भरपूर लिहून दिल्या जाणाऱ्या टेल्मिसार्टनच्या रेणूत टेट्राझोल वलय नाही, त्यामुळे ती या वाटेने येणाऱ्या अशुद्धीतून वाचली.

2022 मध्ये क्विनाप्रिल या बीपीच्याच औषधावर नवी पाळी आली. तिथे नायट्रोसो गट (एनडीएमएच्या रेणूतही असलेला नायट्रोजन-ऑक्सिजनचा तुकडा) थेट औषधाच्या रेणूलाच चिकटला होता. अशी अशुद्धी औषधागणिक वेगळी असते, त्यामुळे दरवेळी तिचा शुद्ध नमुना वेगळा बनवावा लागतो आणि चाचणीही नव्याने बसवावी लागते.