बँड वाजतो, मग चित्रफीत मुकी का?

अमेरिकेतल्या ड्रम कोअर स्पर्धांच्या चित्रफिती पाहणाऱ्यांना एक चमत्कारिक अनुभव अधूनमधून येतो. दीडशे पोरं-पोरी मैदानावर एका पावलात पुढे येताहेत, ट्रम्पेट ओठांना लागलेत, काठ्या ड्रमवर आपटताहेत आणि आवाज मात्र ठप्प. थोड्या वेळाने तो धाडकन परत येतो, तोवर धून अर्ध्यावर पोचलेली असते. फीत बिघडलेली नसते, त्या तुकड्याचा परवाना मिळालेला नसतो. विसर्जन मिरवणुकीचा व्हिडिओ टाकला आणि मागे वाजणाऱ्या गाण्यापायी आवाज कापला गेला, हे आपल्याकडेही अनेकांनी पाहिलंय. हे दुखणं त्याच घराण्यातलं, फक्त बरंच जुनं आणि जास्त गुंतागुंतीचं.

ड्रम कोअर म्हणजे मुळात फक्त पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे फिरवणारं पथक. क्लॅरिनेट-सॅक्सोफोनला तिथे जागा नाही. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी ही पथकं पोसली. पुढे पथकांनीच एकत्र येऊन ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, ही संस्था काढली आणि 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. ध्वनिमुद्रिका तर त्याच्याही आधीपासून निघत होत्या. तेव्हा या सगळ्याचा व्याप इतका लहान होता, की संगीत प्रकाशकांनी त्याकडे फारसं वळून पाहण्याचं कारणच नव्हतं.

मैदानावर वाजवणं ही कधी मोठी अडचण नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. जाहीर वादनाचे हक्क सांभाळणाऱ्या मोठ्या संस्था तिथे आहेत. अॅस्कॅप 1914 सालची, बीएमआय 1939 ची. त्यांच्याकडे ठरावीक रक्कम भरली की त्यांच्या यादीतलं काहीही वाजवा. खरी अडचण वाजवलेलं साठवताना येते, आणि तिचं मूळ शोधायला पियानोलापर्यंत मागे जावं लागतं.

पियानोला म्हणजे भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारा पियानो. 1908 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ही गुंडाळी माणसाला वाचता येत नाही, म्हणून ती स्वरलिपीची नक्कल ठरत नाही. म्हणजे संगीतकाराला काही द्यायला नको. संगीतकार अर्थातच खवळले. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा बदलला, पण एका कंपनीने सगळ्या चांगल्या धुना मुठीत धरू नयेत म्हणून त्यात एक सोयही ठेवली: एखादी रचना एकदा मुद्रित होऊन बाजारात आली, की दुसऱ्या कुणालाही ती मुद्रित करता येईल. मालकाला नकार देता येणार नाही, मात्र त्याला प्रतीमागे दोन सेंट मिळतील. हेच ते ‘मेकॅनिकल’ लायसन्स. दोन सेंटांचा हा दर 1909 पासून 1977 अखेरपर्यंत हलला नाही. 2006 साली तो 9.1 सेंटवर आला, 2023 मध्ये 12 सेंटवर.

आता हिशोब करून पाहा. अंतिम फेरीत बारा पथकं, समजा प्रत्येकाने पाच रचनांचे तुकडे वापरले, तर एकूण साठ रचना. 9.1 सेंटच्या दराने सीडीच्या एका संचामागे साधारण साडेपाच डॉलर. खर्च आहे, पण आधीच कळणारा आणि किमतीत बसवता येणारा. सीडीचं गाडं त्यामुळे बरंचसं चालत राहिलं.

चित्र आलं की ही सोय संपते. 1920 च्या दशकात बोलपट आले आणि पडद्यावरच्या दृश्याशी संगीत जुळवून छापण्याची परवानगी वेगळी विकली जाऊ लागली. या परवान्याचं ‘सिंक’ हे नाव त्या जुळवण्यातूनच आलं. त्याला कायद्याने दर नाही आणि सक्तीही नाही. मालक हवी ती रक्कम सांगेल, नाही म्हणेल किंवा पत्राला उत्तरच देणार नाही. गाणं चौघांनी मिळून लिहिलेलं असेल आणि त्यांचे हिस्से वेगवेगळ्या प्रकाशकांकडे असतील, तर प्रत्येकाचा होकार लागतो. त्यातला एक अडून बसला की सगळं अडलं. वर करारात बहुधा असं कलम असतं, की एका प्रकाशकाला जास्त दिलंत तर आम्हालाही तेवढंच द्या. चित्रपटाच्या निर्मात्याकडे यासाठी वकिलांची फौज असते. बारा पथकांची फीत काही हजार चाहत्यांना विकणाऱ्या संस्थेने ती कुठून आणायची?

दूरचित्रवाणीने या प्रश्नावर बराच काळ पांघरूण घातलं. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून डीसीआयची अंतिम फेरी पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर दिसू लागली, आणि 1976 च्या नव्या कायद्यात सार्वजनिक वाहिन्यांसाठी संगीत वापरण्याची खास सवलत होती. पण ती सवलत प्रक्षेपणाला. तेच मुद्रण खोक्यात घालून घरोघर विकायचं म्हटलं, की परवाना पहिल्यापासून काढायचा. जुन्या हंगामांच्या डीव्हीडी काढताना या गोष्टी बाहेर येणारच होत्या.

तिसरी भानगड अरेंजमेंटची. मूळ रचना ऑर्केस्ट्रासाठी किंवा गायकासाठी असते. पथकाचा अरेंजर ती तोडतो, सूर बदलतो, मधला भाग आधी आणतो, दुसऱ्या धुनेचं शेपूट जोडतो आणि अकरा-बारा मिनिटांत बसवतो. मेकॅनिकल परवान्यात आपल्या वाद्यांपुरता फेरफार करायची मुभा आहे, पण मूळ धून आणि तिचं स्वरूप बदलायची नाही. इथे तर स्वरूप बदलणं हीच कला! त्यामुळे अरेंज करण्याची परवानगी मुळात वेगळी घ्यावी लागते, आणि पथकांनी ती कित्येकदा सराव सुरू झाल्यावर मागितल्याचं ऐकायला मिळतं. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत कमी सहानुभूती मिळावी ती या सवयीला. पोरांनी मे महिन्यात पाठ केलेली धून ऑगस्टच्या फितीतून गळते, तेव्हा खापर मात्र एकट्या प्रकाशकावर फुटतं.

2004 साली डीसीआयने मैदानावर मायक्रोफोनला परवानगी दिली आणि 2009 मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना. आता कीबोर्डवर बोट ठेवून एखाद्या भाषणाचा किंवा जुन्या रेकॉर्डचा तुकडा सोडता येऊ लागला. तुकडा म्हणजे दुसऱ्याचं मुद्रण, आणि मुद्रणाचा मालक बहुधा रेकॉर्ड कंपनी, म्हणजे रचनेच्या मालकाहून वेगळा. अर्जांच्या गठ्ठ्यात आणखी एका अर्जाची भर.

मग इंटरनेट. चाहत्यांना वर्गणी भरून जुने कार्यक्रम पाहता येत असत. गेल्या दशकाच्या मध्यावर परवान्यांच्या कारणाने त्या खजिन्यातल्या चित्रफिती काढून घेण्यात आल्या. त्याची हळहळ जुन्या वादकांमध्ये अजून ऐकू येते. आपण विसाव्या वर्षी काय वाजवलं हे मुलांना दाखवायला अधिकृत जागाच उरली नाही. 2017 पासून थेट प्रक्षेपण फ्लोमार्चिंग या संकेतस्थळाकडे गेलं, तरी ‘थेट पाहा, नंतर मिळणार नाही’ हा प्रकार संपला नाही. घाबरण्याला कारणही आहे: तिथल्या कायद्यात नोंदणीकृत रचनेमागे नुकसानभरपाई 750 डॉलरपासून 30,000 पर्यंत, आणि जाणूनबुजून केलं असेल तर दीड लाख डॉलरपर्यंत जाऊ शकते.

कोर्टात गाजलेला खटला बँडचा नव्हता, शाळेच्या गायनपथकाचा होता. ट्रेसोना ही परवाने विकणारी कंपनी. तिने कॅलिफोर्नियातल्या बर्बँक हायस्कूलच्या गायनपथकाचे शिक्षक आणि त्याला मदत करणाऱ्या पालकांच्या संस्थेवर चार गाण्यांबद्दल दावा लावला. मार्च 2020 मध्ये नवव्या सर्किट अपील न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. तीन गाण्यांबाबत तर तिच्याकडे दावा लावण्यापुरता हक्कच नव्हता. चौथ्या, ‘मॅजिक’ या गाण्याचा छोटासा तुकडा मुलांच्या शिक्षणासाठी, पार बदलून, मोठ्या कार्यक्रमात गुंफला होता. तो न्यायालयाने रास्त वापर, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वापर, मानला. वकिलाचा खर्चही कंपनीच्या माथी आला. बँडवाल्यांना आनंद झाला असणार, पण हा निकाल शाळेच्या रंगमंचावरच्या वापराचा आहे. तिकीट लावून दाखवलेल्या किंवा विकलेल्या चित्रफितीला तो जसाच्या तसा लागू होईल असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

दरम्यान पथकं आपापल्या वाटा काढतात. काही नवं संगीत लिहून घेतात. शिकागोकडच्या कॅव्हेलियर्स पथकाने 2002 चं अजिंक्यपद तशा संगीतावर मिळवलं होतं, अर्थात तेव्हा त्यामागे परवान्यापेक्षा कलेचा विचार अधिक दिसतो. काही जुन्या, हक्क संपलेल्या रचनांकडे वळतात. अमेरिकेत 1920 च्या दशकातल्या रचना प्रकाशनानंतर 95 वर्षांनी मोकळ्या होतात. गर्श्विनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ 1924 ची. पितळी वाद्यांना अगदी शोभणारी ही रचना 1 जानेवारी 2020 रोजी सगळ्यांसाठी खुली झाली. त्या वर्षी साथीमुळे डीसीआयचा हंगामच रद्द झाला.